नखी

पानमळ्यात शिरताना चप्पल बाहेर काढायची,
हे मला बेडगच्या टपालानं शिकवलं.
त्या एप्रिलात मी ओल्या सऱ्यांतून अनवाणी गेले,
तोंडाला मास्क, पिशवीत अंगठ्याचं मशीन,
कमरेच्या पाकिटात पाचशेच्या कोऱ्या नोटा
आणि सॅनिटायझरची बाटली, जिला रायगोंडा मगदूम
पहिल्या दिवसापासून तीर्थ म्हणायचे.

बाहेर सकाळचे अकरा, आत दिवेलागण.
शेवरीला बांधलेले वेल शेंड्याच्याही वर गेलेले.
पानं तळहाताएवढी, मग दोन तळहातांएवढी,
मग जाड, काळपट, कुणाच्या गालात न मावणारी.
मिरजेपासून सगळ्या टपऱ्यांना कुलूप.
"थुंकायला बंदी झाली," मगदूम म्हणाले,
"म्हंजे आमच्यावरच बंदी झाली, आक्का.
एवढं सरळ कोण सांगत न्हाई."

"हप्ता आलाय," मी म्हणाले. "दोन हजार."
त्यांनी हात धोतराला पुसला, अंगठा ठेवला.
लाल.
परत पुसला. लाल.
साठ वर्षं पाणकणसाच्या पात्यानं वेल बांधून
रेषा कुठं गेल्या होत्या कुणास ठाऊक.
डावा अंगठा. तर्जनी. "थुंकी लावू का?" म्हणाले,
आणि स्वतःच हसले.
शेवटी डाव्या हाताची करंगळी,
जिनं जन्मात फारसं काम केलं नव्हतं,
तिला सरकारनं ओळखलं.

चार नोटा. त्यांनी त्या पानांसारख्या मोजल्या,
अंगठ्यानं सरकवत, देठ एका अंगाला घेतल्यागत.
तीनशेची कवळी मोजणारा हात
चारावर थांबला, तरी थोडा वेळ हलत राहिला.

दस्तगीर खुडेकरी तिथंच बांधावर बसला होता.
उजव्या अंगठ्यात पत्र्याची नखी,
खुडा बंद होऊन महिना झाला तरी चढवलेली.
"माझंबी बघ की, आक्का."
"तुमच्या नावावर जमीन आहे का?"
"बघ तर."
नखी काढली. आतला अंगठा मऊ,
बाळाचा असावा तसा.
मशीननं एका दमात हिरवा दिवा दिला.
एवढा स्वच्छ ठसा त्या महिन्यात मी पाहिला नव्हता.
शिल्लक, एकेचाळीस रुपये.
"म्हंजे हाय मी," तो म्हणाला. "बरं झालं."
आणि नखी परत चढवली.

मगदूम त्याला काही देतात का
ते बघायला मी थांबले नाही.
थांबले असते तर त्यांना द्यावं लागलं असतं,
नाहीतर न देणं माझ्यासमोर करावं लागलं असतं.
दोन्ही मला नको होतं.

निघताना त्यांनी ओल्या फडक्यात पानं गुंडाळून दिली,
ओंजळभर, न मोजता.
ह्या मळ्यातून न मोजलेलं पान
याआधी कधी बाहेर पडलं असेल, वाटत नाही.

मालगावच्या नाक्यावर पोलिसानं पिशवी उघडायला लावली.
"हे काय?"
"मशीन. पोस्टाचं."
"आणि हे?"
"पानं."
"अत्यावश्यक सेवेत येतात का?"
मी काही बोलले नाही.
पोरगाच होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं,
मास्क हनुवटीखाली ओढला,
एक पान नाकाशी धरलं, डोळे मिटले.
मागं दुधाची गाडी हॉर्न देत होती.
मग घाईनं मास्क वर करून
पान खिशात ठेवत म्हणाला, जावा.