बर्फाची वरची बाजू

चौतीस वर्षं मी बर्फ फोडला,
पाहिला मात्र फारसा नाही.
इंजिनरूम पाण्याच्या रेघेखाली असते.
तिथे बर्फ म्हणजे आवाज,
पोलादापलीकडे कुणीतरी रात्रभर
कपाटं सरकवतंय, तसा.
जानेवारीतला कण्हतो,
एप्रिलमधला नुसताच कुजबुजतो,
आणि वाऱ्याने एकावर एक चढवलेला असला
की दातओठ खातो.
मी आवाजावरून जाडी सांगायचो.
कप्तान वर मोजायचा, खाली फोन करायचा,
"उर्पो, बरोबर."

निरोपाला त्यांनी पितळी वायुभारमापक दिला
आणि केक, त्यावर साखरेचं जहाज.
मी फक्त धूर खाल्ला.

मग घर.
पहाटे पावणेचारला डोळे टक्क उघडे.
हात शिवशिवायचे.
फ्रीज दुरुस्त केला, जो बिघडला नव्हता.
मग बिघडला.
कपडे धुण्याच्या यंत्राचे सगळे भाग
जुन्या वर्तमानपत्रांवर ओळीने मांडले,
तेव्हा इर्मेली दारात उभी राहून म्हणाली,
"या घरात बॉयलर फुटणार नाही रे.
जरा बाहेर जा."

बाहेर म्हणजे कुठे?
फेब्रुवारीत केमीमध्ये बाहेर म्हणजे
एक रस्ता, दोन दुकानं,
आणि उरलेला सगळा समुद्र, पांढरा.

शेजारची सिल्वी, वय एक्याऐंशी,
चाळीस वर्षं टपाल वाटलेली,
घसरगाडी ओढत फाटकाशी थांबली.
"चल. स्टूल माझं आहे.
तू बादली उपडी घालून बस."

काठावर माझे पाय अडले.
हसू नका.
ज्यानं जन्मभर एखादी गोष्ट फोडली
त्याला पक्कं ठाऊक असतं, ती किती फुटते.
सिल्वी खोकत पुढे गेली, मागे न बघता,
समोरच्या घरी पत्र टाकायला निघाल्यासारखी.
मग मीही गेलो.
पहिली शंभर पावलं
श्वास मोजून मोजून खर्च केला.

तिचं गिरमिट हाताने फिरवायचं.
वाटीएवढं भोक पडलं.
एवढंच?
"मासा येतो की तेवढ्यातून.
सबंध समुद्र कशाला उघडायचा?"

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी काही नाही, वर कॉफी सांडली.
मी बोलतच होतो:
पिस्टन, तेलाचा दाब, सत्त्याऐंशीचा हिवाळा,
तेव्हाचे आम्ही.
सिल्वी गळाकडे बघत म्हणाली,
"गप्प बसायची वेगळी पेन्शन मिळते का, विचारून बघ."

चौथ्या दिवशी गप्प बसलो.
मग बादलीवरून उतरलो, टोपी काढली,
आडवा झालो
आणि बर्फाला कान लावला.
का, ते मलाही नाही सांगता येणार.

खूप खोलवर, खूप लांब
कपाटं सरकत होती.
मान वळवून पाहिलं, क्षितिजावर काडीएवढं माझं जहाज,
वाट फोडत, जागच्या जागी असल्यासारखं.
तिकडे खाली आत्ता कुणी नवी पोरगी
पोलादाच्या त्या बाजूला
असाच कान देऊन बसली असेल.
चुकत असेल. शिकत असेल.
आमच्या दोघांच्या मधे बर्फ,
आणि आयुष्यात पहिल्यांदाच
मी त्याच्या बाजूचा.

उठून गुडघे झटकले.
"पासष्ट सेंटीमीटर," मी म्हणालो,
जुन्या ऐटीत.
सिल्वीने खुणा केलेली काठी भोकात घातली,
आकड्याने तळ चाचपला,
चष्मा कपाळावर चढवून वाचलं.
"एकाहत्तर."

वरून वेगळंच ऐकू येतं तर.

घरी आलो. डावा कान बीटासारखा लाल.
इर्मेली चुलीपाशी, पाठमोरी.
"काही मिळालं?"
"सहा सेंटीमीटर."
"अगं बाई! एवढ्याशासाठी कढई काढू?"

नको म्हटलं.
उद्या परत जायचंय.