सूतभर

सस्कॅचेवनमध्ये जानेवारीत लोखंडाला हात लावायचा नसतो.
लावलाच, तर कातडी तिथेच ठेवून यायची तयारी हवी.
म्हणून शेडमध्ये हीटर घोंघावतोय
आणि वासिल ह्नात्युक, वय एक्क्याऐंशी,
उलट्या बादलीवर बसून माझ्या चुका मोजतोय.

ट्रक एकोणऐंशी सालचा. जन्मभर गहू वाहिलेला.
आठ सिलिंडर, सोळा रॉकर.
त्यातले तीन इतके झिजलेत
की टोकाला नख अडकतं.

नवे रोलरवाले मागवताना भांडण झालंच.
तो म्हणाला, एक पूर्णांक सहाचे घे,
झडप जास्त उघडेल, इंजिन मोकळा श्वास घेईल.
मी म्हटलं, गव्हाला कसली घाई?
धान्याचा एलिव्हेटर काही पळून जात नाही.
आमच्या गावचा गेला की, तो म्हणाला.

यावर मला उत्तर नव्हतं.
तरी दीडाचेच आले.

झडपेच्या टोकाला निळी शाई लावली,
रॉकर चढवला, क्रँक हाताने दोनदा फिरवला,
रॉकर उतरवला.
रोलरनं शाई पुसून रेघ ओढली होती,
बारीक, चकचकीत,
पण बाहेरच्या काठाला टेकलेली.
"पुशरॉड लांब पडतोय," बादलीवरून आवाज.
बघितलंही नव्हतं त्यानं.
कसं कळलं?
"तू सुस्कारा सोडलास."

मग मापाचा पुशरॉड अर्धा अर्धा आटा आखडत,
शाई, फिरव, पूस, पुन्हा शाई,
सहाव्यांदा रेघ मध्यावर आली.
फरक सूतभरही नसेल,
पण लोखंडाला तेवढंही सलतं.

नव्या मापाचे सोळा पुशरॉड यायला नऊ दिवस गेले.

शेवटचा ताण त्यालाच बघायचा होता.
पुशरॉड दोन बोटांत फिरवायचा,
मी नट आवळत जायचं,
बोटांना पहिली अडखळ लागली की तो म्हणणार, "इथे."
तिथून अर्धा फेरा, आणि कुलूप.
त्याच्या उजव्या हाताची दोन पेरं
कधीकाळी धान्याच्या ऑगरनं नेलेली.
उरलेली थरथरतात.

पंधरा वेळा त्याचं "इथे" बरोबर आलं.
सातव्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला उशिरा आलं,
पाव फेरा उशिरा.
मी काही बोलले नाही.
तो सूप गरम करायला घरात गेला, तेवढ्यात
नट सैल केला, स्वतः फिरवून पाहिला, पुन्हा बसवला.

संध्याकाळी इंजिन लागलं. टकटक नाही.
शिलाई मशीनसारखा एकसुरी, समाधानी आवाज.
वासिलनं बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.
मग म्हणाला,
"पाना मी डावीकडे ठेवला होता, दारिया."