अठ्ठावीस तबकड्या

चौदा घड्याळं, आणि एकातही वेळ बरोबर नाही,
म्हणते हेमांगी फोनवर.
मी कॅमेरा कपाटासमोरून हळूहळू फिरवतो:
लाकडी, बेकलाइटची, एक भाजक्या विटेच्या रंगाचं,
एक पूर्व जर्मनीचं, त्याच्या पोटात अजून
कुठल्याशा शाळेच्या तळघराचा वास.

तिला सांगायचं राहून जातं
की ही घड्याळं वाजले किती हे सांगतच नाहीत.
उरले किती, तेवढंच.
तेही एका वेळी एकालाच.

एक तबकडी इथली, एक घरची,
मध्ये दीड तासाचं अंतर, असलं काही सुचवू नका.
गणपतीच्या जेवणावळीत तिघांनी सुचवून झालंय.

दिवसभर मी घुब्रात प्रेशर गेज जुळवतो,
समुद्र गोड करणाऱ्या पाइपांवरचे.
तिथे काटा हलला की तीन प्रतींत कागद.
रात्री रुवीत, एसीच्या घरघरीखाली,
घड्याळाची पाठ उघडून बसतो.
खाऱ्या हवेनं धरलेला हिरवा गंज
काडीला कापूस गुंडाळून काढायचा, दात्यादात्यावरून.
आत केसाएवढी कमान.
श्वाससुद्धा मान वळवून सोडायचा.

चौदावं मिळालं मुत्र्याहच्या मागच्या गल्लीत,
मुराद झद्जालीच्या दुकानात,
लोबानाची धुपाटणी आणि मुके कॅसेट प्लेअर यांच्या आड.
दोन तोंडं आहेत, तो म्हणाला, म्हणून दोन रियाल जास्त.
मी घासाघीस केली नाही.
डावीकडे तीन मिनिटं शिल्लक,
लाल निशाण काट्याच्या टोकावर नुकतं उचललेलं.
उजवीकडे बेचाळीस.
दोन्ही बटणं एका पातळीत.
म्हणजे चावी संपली नव्हती,
कुणीतरी बोटानं, समजून-उमजून, थांबवलं होतं.
तळाला चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीनं अरबीत एकच शब्द:
बुकरा. उद्या.
हा शब्द मी कचेऱ्यांच्या खिडक्यांवर सतरा वर्षं ऐकतोय.
लिहिलेला पहिल्यांदा पाहिला.

इद्रीस सुदानचा, आमच्या स्टोअरला होता.
गुरुवारी रात्री यायचा, दाणे खात उंट हलवायचा
आणि बटण दाबायचा ते कुणाच्या पाठीवर थाप द्यावी तसं.
माझं निशाण पडलं तरी हसायचा नाही.
पट माझ्याकडे फिरवून दाखवायचा:
हे बघ, इथे होतं. तुला वेळ होता.

मार्चमध्ये कंपनीनं स्टोअर दुसऱ्याला दिलं.
शेवटच्या गुरुवारी डाव अर्धा, खाली टॅक्सी हॉर्न वाजवत.
नववं घड्याळ. सोळा मिनिटं त्याची, सहा माझी.
मी बटणं एका पातळीत आणली.
लिहिलं काही नाही.
कुठल्या लिपीत लिहिणार?

पण न चालवता ठेवलं तर तेल आतल्या आत घट्ट होतं,
चाकं एकमेकांना विसरतात.
म्हणून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी
सगळ्यांना थोडी चावी, थोडं चालणं.
चौदाव्याची उजवी बाजू चालवतो, डावीला हात लावत नाही.
कोण होता, काय खेळणार होता, ठाऊक नाही,
पण तीन मिनिटांत पुष्कळ सुचतं.

आणि नवव्याची माझी बाजू.
सहा होती, आता चार आहेत.
काटा निशाणाला टेकायला आलाय.
जेवलास का, विचारते हेमांगी.
हो म्हणतो, आणि बटण दाबतो.