थंड हवेचं वजन

अवधानच्या एमआयडीसीत, शेवटच्या रांगेत,
तेलघाणी आणि पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या मध्ये
आमची शेड. पाटीवर रंग उडालेलं विमान.
रिक्षावाले अजून विचारतात, खेळणी बनवता का?
एका परीनं, हो.
समुद्रकाठच्या वाळूत हौशी लोक पळवतात त्या गाड्यांची,
पाठीवर पंखा बांधून उडणाऱ्यांची,
दोन माणसं कशीबशी मावतात अशा विमानांची
इंजिनं आम्ही करतो.
दोन सिलिंडर, एकोणतीस किलो.
मी एकटी उचलते, पाठ दुखत नसेल त्या दिवशी.

अभिमनदादा आधी विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचा.
म्हणतो, ती पाणी वर आणायची, ही माणूस वर नेतात.
पाणी खाली पडलं तर ओरडत नाही, एवढाच फरक.

मी टेस्ट बेंचवर. सतरा वर्षं.
शेवटचा ठसा माझा, क्रँककेसच्या डाव्या बगलेत,
ज्वारीच्या दाण्याएवढी दोन अक्षरं: एनबी.
नूतन बोरसे. कुणी वाचत नाही.

मे महिन्यात दारातला थर्मामीटर सेहेचाळीसवर,
लळिंगचा डोंगर हलतो, पाण्यात असल्यासारखा.
दादा गिऱ्हाइकाला चहा देत सांगतो,
धुळ्याचा उन्हाळा काढला ते इंजिन कुठंही चालेल.
मीही तसंच मानायचे.
प्लग काढून बघायचे, पोर्सेलिनवर
भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग आला
की जेट कायम, ठसा, खोका.

रमजान तडवीला हे पटत नसे.
त्याचे कान चाळीस वर्षांच्या सायलेन्सरांनी नेले.
तो लांब स्क्रूड्रायव्हर सिलिंडरला टेकवतो,
मूठ दातांत धरतो, डोळे मिटतो,
हाडातून ऐकतो.
"त्ये बोलस," म्हणतो, "तू आयकत नही."

जानेवारीत एक खोका परत आला.
सोबत चिठ्ठी, चित्रकलेच्या शिक्षकाची, अक्षर सुरेख:
पहाटे सहाला चारशे फुटांवर इंजिन एकदम थांबलं.
हरभऱ्याच्या शेतात उतरलो. घोटा मुरगळला.
शेतमालकानं आधी शिव्या दिल्या, मग हुळा भाजून खाऊ घातला.
तक्रार नाही. फक्त कारण कळावं.

मीच उघडलं.
पिस्टनच्या एका अंगाला उभे ओरखडे,
मांजरानं दार ओरबाडावं तसे.
प्लग चुन्यासारखा पांढरा.
बगलेत माझी दोन अक्षरं, चकचकीत, नवी.

कारण साधं होतं, म्हणून रात्री झोप लागली नाही.
उन्हाळ्याची हवा विरळ. तिच्या मापानं मी जेट बसवला.
पौषात हवा जड झाली,
पेट्रोल तेवढंच राहिलं.
आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल म्हणजे नुसती आग नव्हे,
तेच तेल, तेच गारवा.
जास्त हवा पिऊन इंजिन आतून भाजलं.
सतरा वर्षं मी उन्हाळ्याला भीत होते.

दादा रागावला नाही. पिस्टन हातात फिरवत राहिला,
मग म्हणाला, घोटाच मुरगळला ना?
आणि बाहेर जाऊन पाटीखाली बराच वेळ उभा राहिला.

शिक्षकाला मी पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं.
"चूक माझी" एवढं वाक्य सोडून बाकी सगळं तांत्रिक.
उत्तरात त्यानं चित्र पाठवलं:
हरभऱ्यात बसलेला माणूस, डोक्यावर पंखा,
शेजारी हुळ्याचा धूर.

आता प्रत्येक खोक्यात एक पुडी असते,
दुसरा जेट, एक नंबर मोठा,
वर माझ्या हातानं: थंडी पडली की बदला.
बदलतात की नाही, कोण जाणे.

मी डिसेंबरात पहाटे पाचला शेड उघडते.
हातमोजे काढते, कारण नट बोटांना कळावा लागतो.
पुठ्ठ्याच्या कारखान्याचा वॉचमन शेकोटीवरून ओरडतो,
मॅडम, एवढ्या थंडीत कुणाला उडायचंय?
मी दोरी ओढते. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यांदा धरतं.
रमजान अजून आलेला नाही.
स्क्रूड्रायव्हरची मूठ पुसते पदराला
आणि दातांत धरते.