उपाशीपोटी

दाबोळीला विमानातून उतरते ती शिशाच्या डब्यात,
फ्लोरिनची शेपटी लावलेली साखर,
दर एकशे दहा मिनिटांनी अर्धी होणारी.
झुआरीच्या पुलावर गाडी अडकली की
आग्नेल फोन करतो, 'बाय, आज थोडी कमी येतली,'
मासेवाल्यानं बर्फाबद्दल बोलावं तसा.

बांबोळीच्या या तळघरात माझं काम एवढंच:
शिरेत सुई देणं, दिवा मालवणं,
चाळीस मिनिटं माणसाला अंधारात निजवणं.
बोलू नका. आठवू नका म्हणणार होते एकदा,
पण तसं कसं सांगणार.
मेंदूचा जो कोपरा जागा होईल तो साखर ओढून घेईल
आणि मग पडद्यावर नारिंगी दिसेल.

शाणू वेळीप. केप्याकडचा पाडेली.
माडावरून पडला; कोयता वरच राहिला,
चुडतात अडकून, अजून तिथंच आहे म्हणे.
पाचव्या दिवशी आणला तेव्हा त्याचा मेंदू
हाती लागेल ती साखर जाळत होता,
बुडत्या होडीतून पाणी उपसणाऱ्याला
हात दुखताहेत हे कळत नाही, तसा.
सहाव्या आठवड्यात दुसरं चित्र:
कपाळामागचा सगळा पट्टा निळा.
मेलेला नाही. नुसता न जेवणारा.

सीटीवर यातलं काहीच नव्हतं.
हाड जुळलं, रक्त सुकलं, कागदावर 'नॉर्मल'.
तो कागद पार्वतीनं माझ्यापुढे धरला होता,
'मगीर हो कांयच मागना कित्याक?'

विचारलं तर उत्तर देतो. ताट ठेवलं तर जेवतो.
नाही ठेवलं तर बसून राहतो.
ऊन अंगावर येतं, पायावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून तोंडावर,
तो सावलीत सरकत नाही.
माड दाखवला तर माड म्हणतो.

आज तिसरं चित्र. सहा महिने झाले.
अभ्यासात बावीस डोकी आहेत, एकोणीस दुचाकीवरची,
दोन खाणीतली, माडावरचं हे एकच,
म्हणून डॉक्टर केंकरे दोनदा खाली येऊन गेले.
मी बोट टोचलं. एकशे अठ्ठ्याहत्तर.
दुसरं बोट. एकशे एक्क्याऐंशी.
दीडशेच्या वर चालत नाही;
रक्तातली साधी साखर आमच्या साखरेला आत शिरू देत नाही,
भरल्या बशीत चढायला बघणाऱ्या माणसासारखी ती दारातच राहते.

माझा आवाज चढला. खाल्लं काय यानं?
काल रात्रीपासून पाण्याशिवाय काही नको,
तीनदा सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं.

पार्वती फरशीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, मडगावच्या स्टँडवर
एक बाई माडाचं गोड विकायला बसली होती,
काळंभोर, केळीच्या पानात.
हा चालता चालता थांबला.
आपणहून.
आणि म्हणाला, 'गोड दी.'
'हांवें दिलें. अर्दी ढेप दिली.'

शिशाच्या भांड्यात डोस निम्म्यावर येत होता.
केंकरे म्हणाले, एका शब्दाचा आकडा होत नाही,
समोर दिसलं म्हणून बोलला असेल, माकडही मागतं.
खरं असेल. मला माहीत नाही.
नोंदवहीत लिहिलं: रद्द. कारण: रक्तातील साखर.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
त्यात मी 'मागितलं' असं लिहिलं, मग खोडलं,
मग खोडलेलं वाचता येईल इतपतच खोडलं.

शाणू बाकावर. दोन्ही बोटांना कापूस.
पुढल्या बुधवारी, मी पार्वतीला सांगितलं,
सकाळी नऊला, आणि उपाशीपोटी, समजलं ना?
तिनं मान हलवली.
कापडाच्या गाठीत उरलेला खडा चाचपला.
दारापर्यंत गेली, परत आली, हळूच विचारलं,
'आनी ताणें परत मागलें जाल्यार?'