गिरणीवरचा क्लास

शुक्रवार पेठेत, सणगरांच्या गिरणीच्या माडीवर
गोदाक्कांचा क्लास भरायचा. पाच ते सात.
जिन्याच्या कठड्याला पीठ, पेटीच्या भात्यात पीठ.
पांढरी चार दाबली की चिमूटभर ज्वारी उडायची.

गिरणीचा पट्टा काळी दोनच्या जरा खाली घुमायचा.
पहिलं वर्षभर त्या मालकाशी भांडल्या म्हणे,
मग तंबोराच उतरवून पट्ट्याशी मिळवला.
"ज्याच्याशी भांडून भागत नाही
त्याला सा म्हणायचं."
शास्त्र म्हणून एवढंच शिकवलं.

कंपनीत त्या पुरुषपार्टी.
शेल्याला अत्तर, कमरेला लाकडी तलवार,
ओठावर डिंकानं चिकटवलेली मिशी.
ती मिशी अजून होती, कुंकवाच्या डबीत,
सुरवंटासारखी मुटकुळं करून.
एकदा मी चोरून लावली. त्या मागंच उभ्या.
ओरडल्या नाहीत.
"तिरकी लागलीय. आ करून बघ.
तानेत निसटली तर जन्माची शोभा."

खासबागेत कुस्त्या असल्या
की आरोळी भिंत ओलांडून थेट नाटकात यायची.
एका रात्री ऐन पदात ती उठली,
कोण चितपट झालं कुणास ठाऊक,
अक्कांनी वरचा सा धरला
आणि आरोळी विरेस्तोवर सोडला नाही.
हे सांगितलं त्यांच्या तबलजीनं,
दोनदा, दोन वेगळ्या नाटकांची नावं घेऊन.

आमच्या वेळी वरचा सा आला
की त्या नुसतं बोट वर करायच्या.
आवाज कुठं गेला? कोण म्हणे कंपनीबरोबर,
कोण म्हणे मिरजेच्या दवाखान्यात.
आम्ही बोटाकडं बघून ओरडायचो.

एका मंगळवारी लाईट गेली. गिरणी थांबली.
आमचे सात सा सात दिशांना घरंगळले,
माझा तर जिन्यावरूनच.
आणि अंधारात कुणीतरी गायला लागलं.
फाटका आवाज, कडांना खरखर,
चढताना एका पायरीवर थांबलेला,
मग चढलेला.
बोट वर होतं का, दिसलं नाही.

खाली दळणाच्या रांगेतून म्हातारा गळा उठला,
"वन्स मोअर!"
"दळण झालं असलं तर घरी जावा,"
अक्का म्हणाल्या, मिशीतल्या आवाजात.

लाईट आली. पट्टा फिरला, तंबोरा त्याच्याशी जुळला,
सगळं होतं तिथंच.
फक्त मला, जिला तीन वर्षांत सूर कळला नव्हता,
तिला पुढचा आठवडाभर
गिरणी बेसूर लागत राहिली.