पहिली धावणारी

देव्हेंटरच्या क्लबात मी मैदानाला पाणी मारायचो.
मैदान म्हणजे निळा प्लॅस्टिकचा गालिचा,
कोरडा राहिला तर गुडघ्याची सालं काढणारा.
फ्राउकेचा बाप ऐसल नदीच्या बांधावर नोकरीला होता,
बांध पोखरणाऱ्या पाणउंदरांना पिंजरे लावायचा.
म्हणायचा, "अख्खा देश पाणी उपसून बाहेर टाकतो, हार्मन,
आणि तुला ते आत ओतायचा पगार!"

ती आली तेव्हा आठ वर्षांची.
भावाची स्टिक करवतीने आखूड केलेली,
टोकाला वायरमनची काळी पट्टी.
वेग नव्हता तिच्यात, मनगटात जादूही नव्हती.
जादू होती ती आनेलीनच्या मनगटात.
तिने पुढे पशुवैद्याशी लग्न केलं आणि खेळ सोडला.

पेनल्टी कॉर्नरला पहिलं कोण पळणार,
प्रशिक्षकाने विचारलं,
तेव्हा सगळ्या पोरी बुटांच्या नाड्या बघू लागल्या.
फ्राउकेच्या बुटांना नाड्या नव्हत्या.
एवढ्यावरून सुरू झालं सगळं.

ते काम काय असतं, सांगतो.
गोलरेषेमागे पाचजणी दाटीने उभ्या.
कडेवरून चेंडू ढकलतात, वर्तुळाच्या टोकाला थांबवतात,
आणि तिथून एक बाई कमरेत वाकून तो भिरकावते.
सगळं मिळून दीड सेकंद.
मी मोजलाय, व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून.
तेवढ्यात एकीने पळायचं असतं
चेंडूच्या वाटेतून बाजूला नाही,
चेंडूकडे.
आधी निघालीस तर मध्यरेषेपलीकडे हाकलतात.
उशिरा निघालीस तर कशाला निघालीस?

एकशे अठरा सामने, नारिंगी शर्टात.
गोल दोन. त्यातला एक नडगीला लागून, चुकून.
तिच्या आईची एक वही होती, विम्यासाठी:
डावी करंगळी, ब्रेडा.
वरचे दोन दात, सांतियागो.
पुन्हा करंगळी. (तीच, असं कंसात.)
एका पानावर फक्त तारीख,
पुढे काय झालं ते लिहिलेलंच नाही.

त्या उन्हाळ्यातली फायनल आम्ही क्लबातल्या टीव्हीवर पाहिली.
एकाने आघाडी, शेवटचा कॉर्नर.
हातातली बिअर कोमट होत गेली.
ती सुटली,
आणि चेंडू तिच्या गुडघ्याच्या वाटीवर.
पिंजऱ्याचं दार मिटावं तसा आवाज
टीव्हीतूनसुद्धा ऐकू आला.
तो आवाज आमच्यात एकालाच ओळखीचा.
आम्ही टेबलांवर चढलो, एकमेकांच्या गळ्यात पडलो,
आणि तिचा बाप कोट न घेता बाहेर गेला,
सायकलस्टँडपाशी उभा राहिला.

विजेत्यांचा फोटो अजून बारच्या भिंतीवर आहे.
ती त्यात नाही.
डाव्या कडेला, नीट पाहिलंत तर,
स्ट्रेचरचं एक चाक.

परत खेळली दोन वर्षं, पट्टा बांधून.
निवड समितीचा फोन आला तेव्हा
ती आमच्या शेडमध्ये पंक्चर काढत होती.
"हो," म्हणाली. "समजलं." मग पुन्हा, "हो."
फोन ठेवून ट्यूब घमेल्यात बुडवली,
फिरवून फिरवून बुडबुडा शोधत राहिली.
भोक केव्हाच बुजलं होतं.
मी काही बोललो नाही.
मला बोलता येत नाही अशा वेळी.

आता ती बापाच्याच खात्यात आहे.
पहाटे बांधावरून चालते, किंचित लंगडत,
बिळं शोधत.
शनिवारी पोरींना शिकवते.

परवा त्यातली एक, लीव्के नावाची, चष्मा लावणारी,
मास्क हातात धरून विचारत होती,
"तुला भीती नाही वाटायची?"
"वाटायची की."
"मग?"
फ्राउकेने तिचा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला,
मास्कचे पट्टे आवळले,
आणि मला हाक मारली,
"हार्मन, पाणी! इथे कोरडं राहिलंय."

मी रिटायर होऊन चार वर्षं झाली.
चाक फिरवायला गेलो तरीही.